जुनी हार्ड डिस्क काढल्यावर लिनक्स मिंट सुरूच होत नाही

प्रश्न (कोथरूड)

सर्वांना नमस्कार. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात सहाव्या पिढीच्या कोअर आय३ प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून तपकीर गल्लीतून एसएसडी आणून तिच्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) इन्स्टॉल केले. डिस्क पूर्ण पुसून इन्स्टॉल करण्याचा पर्याय घेतला होता आणि एसएसडीच निवडली आहे ना, हे नीट पाहून घेतले होते. मिंट व्यवस्थित सुरूही झाले. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क अधूनमधून खटखट आवाज करते, शिवाय देखभाल शुल्काच्या पावत्या आणि थकबाकीच्या नोंदी तिच्यावरच आहेत, म्हणून ती सुरक्षित राहावी या हेतूने तिची केबल काढून ठेवली. तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढाच संदेश येतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) एसएसडी दिसते, मात्र बूटच्या यादीत तिचे नाव नाही. एसएसडी सदोष समजून बदलून घ्यावी का?

उत्तर (हडपसर)

बायोसला एसएसडी दिसत असेल तर केबल आणि वीजपुरवठा दोन्ही ठीक आहेत. बूट मोड (संगणक सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय या नव्या पद्धतीवरून लेगसी या जुन्या पद्धतीवर नेऊन पाहावा. जुन्या मदरबोर्डवर पुष्कळदा तेवढ्याने काम होते. ते न जमल्यास मिंट पुन्हा इन्स्टॉल करावे.

उत्तर (नारायण पेठ)

लेगसीचा उपाय कृपया करू नये. मिंट यूईएफआय पद्धतीने इन्स्टॉल झालेले असेल, तर लेगसी मोडला डिस्कच्या अगदी सुरुवातीला जो बूट कोड हवा असतो, तो तिथे लिहिलेलाच नसतो. मग मोड बदलूनही तोच संदेश येत राहणार.

तुमच्या वर्णनातली महत्त्वाची गोष्ट ही, की जुनी डिस्क जोडलेली असेपर्यंत मिंट सुरू होत होते. यूईएफआय मदरबोर्ड आपल्या स्मृतीत अशी नोंद ठेवतो की अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनमधली (म्हणजे डिस्कच्या भागातली) अमुक फाइल चालवायची. ही फाइल ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या, फॅट३२ पद्धतीच्या छोट्या पार्टिशनमध्ये असते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सकडून मिंटमध्ये आलेल्या इन्स्टॉलरची जुनी खोड अशी, की तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी पहिल्या डिस्कवर आधीपासून असे पार्टिशन असल्यास तो बूट लोडर (मिंट सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिथेच टाकतो. म्हणजे तुमचे मिंट एसएसडीवर आहे आणि ते सुरू करणारी फाइल, माझ्या अंदाजाने, त्या खटखटणाऱ्या डिस्कवर आहे. एसएसडी बदलून काहीच साधणार नाही.

खात्री करणे सोपे आहे. जुनी डिस्क काढलेलीच ठेवून मिंटच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, मात्र बूट मेनूत पेनड्राइव्हच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळच निवडा. मग एसएसडीवरचे सुमारे ५०० एमबीचे पहिले पार्टिशन उघडून पाहा. बूट लोडर तिथे असेल, तर त्यात ‘उबुंटू’ नावाचे फोल्डर दिसेल. मिंटचा बूट लोडरही त्याच नावाने राहतो, त्यामुळे ‘मिंट’ शोधत बसू नका.

प्रश्नकर्ता

पार्टिशन आहे, पण पूर्ण रिकामे आहे. आता पुढे काय करावे?

उत्तर (नारायण पेठ)

मग निदान पक्के झाले. पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नाही. त्याच पेनड्राइव्हवरच्या मेनूत बूट रिपेअर नावाचे साधन असते. जुनी डिस्क जोडलेली नसल्यामुळे त्याला एसएसडीवरचे एकच ईएफआय पार्टिशन दिसेल आणि बूट लोडर योग्य जागी पडेल. इंटरनेट जोडलेले ठेवा, कारण त्याला काही पॅकेजे उतरवून घ्यावी लागतात.

रीस्टार्ट करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट न विसरता तपासा, कारण बूट लोडर दुरुस्त होऊनही पुष्कळ जण इथे अडकतात. एसएसडीवरच्या मिंटच्या (पेनड्राइव्हवरच्या नव्हे) ईटीसी फोल्डरात एफएसटॅब नावाची फाइल आहे. सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची, हे तिच्यात लिहिलेले असते. ईएफआय पार्टिशनच्या ओळीत जुन्या डिस्कचाच यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) राहिला असेल, तर मिंट त्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. पाहणाऱ्याला वाटते की दुरुस्ती फसली. फॅट पार्टिशनचा यूयूआयडी मध्ये एक आडवी रेघ असलेला, आठच अक्षरांचा असतो, त्यामुळे ती ओळ चटकन ओळखू येते. जीपार्टेड या पार्टिशने दाखवणाऱ्या साधनात एसएसडीवरच्या त्या पार्टिशनच्या माहितीत दिसणारा आकडा या ओळीतल्या आकड्याशी अक्षरशः पडताळून पाहा, आणि वेगळा असल्यास फोल्डर ‘ओपन अ‍ॅज रूट’ने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) उघडून तेवढाच बदला. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

प्रश्नकर्ता

बूट रिपेअर विनातक्रार पार पडले. एफएसटॅबमध्ये खरोखरच जुना आकडा होता. तो बदलून रीस्टार्ट केले आणि मिंट एकट्या एसएसडीवरून सुरू झाले. मनापासून आभार. जुन्या डिस्कवरच्या नोंदी घेण्यासाठी ती पुन्हा आत जोडली तर चालेल का?

उत्तर (चिंचवड)

जोडली तर चालेल, पण आत जोडण्यापेक्षा यूएसबी केसमध्ये घालून बाहेरून लावलेली बरी, म्हणजे बूटचा क्रम बदलण्याचा प्रश्नच येत नाही. खटखट आवाज हे डिस्कचे यांत्रिक भाग थकल्याचे लक्षण असते, तेव्हा तिच्यावर चेक डिस्कसारखी तासन्‌तास चालणारी तपासणी लावू नका. आधी पावत्यांचे आणि थकबाकीचे फोल्डर उतरवून घ्या, मग बाकीचे. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) चालू राहिलेले असेल तर मिंट ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतेच उघडून देईल. तुम्हाला तेवढेच पुरेसे आहे. उतरवलेल्या नोंदींची आणखी एक प्रत सचिव किंवा खजिनदारांकडे वेगळ्या डिस्कवर असू द्या.