बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय. मधले दिवस कसे काढायचे?

सोलापूरकर: ताईच्या (वय ४६) मॅमोग्राफीत बायरॅड्स (संशयाची श्रेणी) ४बी आलंय. शुक्रवारी सुईने तुकडे काढले. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. तिची झोप उडालीय, दिवसभर मोबाइलवर शोधत बसते. इतका वेळ का लागतो? आणि तोवर घरच्यांनी काय करावं?

काचपट्टी: ४बी म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्के. एवढ्यावरून निदान होत नाही, म्हणूनच बायोप्सी केली.

तुकडे आधी फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवतात. त्यात गडबड झाली तर पुढची हार्मोन रिसेप्टरची तपासणी (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का ते पाहणारी) चुकू शकते. मग रात्रभर मशीनमध्ये पाणी काढून मेण भरतात, ब्लॉक बनवतात, त्याचे ३-४ मायक्रॉनचे काप रंगवतात. मध्ये रविवार आला, म्हणजे स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे पोचेपर्यंत सोमवार-मंगळवार उजाडतो. शंका वाटली तर खोलातले काप किंवा आयएचसी (पेशींमधली ठरावीक प्रथिनं दाखवणारी खास रंगतपासणी), की आणखी एक-दोन दिवस गेले. रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच असणार, असं कृपया धरू नका. स्क्लेरोझिंग अॅडिनोसिससारख्या निरुपद्रवी गाठीलाही खात्रीसाठी पी६३ ही आयएचसी तपासणी लावावी लागते.

रानजाई: "काळजी करू नकोस" म्हणणं आधी थांबवा. त्याने ती बोलायची बंद होते, काळजी तशीच राहते.

शोधाशोधीने पाच मिनिटं बरं वाटतं, मग नवी शंका येते, म्हणून हात पुन्हा मोबाइलकडे जातो. काळजीला रोज एक वेळ ठरवून द्या: संध्याकाळी ५ ला, २० मिनिटं, वहीत. एका पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, दुसऱ्यावर आज ज्यांचं उत्तर कुणाकडेच नाही असे. इतर वेळी विचार आला तर एक शब्द टिपून पाचपर्यंत ठेवायचा. हे अंथरुणात करू नये, तिथेच बहुतेकांचं बिनसतं. २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसावं. ४ मोजत श्वास घ्यायचा, ६ मोजत सोडायचा, पाच मिनिटं. दुपारनंतर चहा नको.

सलग रात्री झोपच नसेल किंवा जगण्याबद्दल नकोसे विचार येत असतील तर रिपोर्टची वाट पाहू नका. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

फाइलवाला: रिपोर्टच्याच दिवशी सर्जनची वेळ आत्ता घेऊन ठेवा. त्यांना एक प्रश्न हमखास विचारा: रिपोर्ट मॅमोग्राफीशी जुळतोय का? "साधी गाठ" आली पण चित्र जास्त संशयास्पद असेल तर पुन्हा बायोप्सी लागू शकते. हे विचारायचं राहून जातं. जुन्या फिल्म्स, सोनोग्राफी, रेशनकार्ड, आधार एका फाइलमध्ये लावा. दुसरं मत हवं झालं तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घेता येतात. तोवर काढे नकोत, गाठीला मालिश तर नकोच. जागा काळीनिळी पडणं नेहमीचं. ताप आला, सूज किंवा लाली वाढत गेली तर लगेच फोन करा.

नातेवाइकांचे फोन एकाच माणसाने घ्यावेत.

सोलापूरकर: खूप आधार वाटला. ताई म्हणते, रिपोर्ट मीच आधी वाचणार.

काचपट्टी: वाचू द्या, तो तिचाच आहे. फक्त रात्री एकटीने पीडीएफ उघडू नये. आधी "डायग्नोसिस" किंवा "इंप्रेशन" खालची ओळ वाचायची, वरचं सूक्ष्मदर्शकाचं वर्णन सोडून द्यायचं. "इनअॅडिक्वेट" लिहिलं असेल तर नमुना अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ. सुई पुन्हा घालावी लागेल.