ग्लासचे चार सॅक्सोफोन आणि लेहऱ्याची बिदागी

सूरपारंबी: 'फिलिप ग्लासचा सॅक्सोफोन कॉन्चेर्टो म्हणजे अडकलेली तबकडी. तेच चार सूर वाजवायला चार माणसं कशाला?' एवढं ठोकून खर्जातला महाशय झोपायला गेले. म्हणून हा धागा. अमेरिकन संगीतकार ग्लासने राशर क्वार्टेट या चार सॅक्सोफोनवादकांच्या चमूसाठी १९९५ साली लिहिलेली, सोबत वाद्यवृंद असलेली रचना आहे ही. भाग चार, आणि दरवेळी एकेक सॅक्सोफोन पुढे येतो: उंच सुराचा सोप्रानो, मग खालच्या सुराचा बॅरिटोन, टेनर, शेवटी आल्टो. दुसऱ्या भागात बॅरिटोन कसा हुंदडतो ते ऐकलंत, की पहिल्या संथ भागातच बटण दाबलंत? ही तबकडी वाटत असेल तर तबल्याच्या मैफिलीत लेहऱ्यालाही, म्हणजे ताल धरून ठेवायला फिरून फिरून वाजणाऱ्या त्या एकाच ओळीलाही, हुर्यो करा!

खर्जातला: चारही ऐकले. लेहरा मध्ये आणू नका. तो जागचा हलत नाही, कारण वर तबलजी कायदा, म्हणजे बोलांची एक ठरावीक रचना, खोलत असतो. इथे वर कोण आहे? नुसता लेहराच.

तीनताल_डोंबिवली: 'नुसता' म्हणे! वर्षानुवर्षं पेटीवर लेहरा धरतोय मी. एका बड्या तबलजींनी तासभर घाम काढला आणि पाकीट देताना म्हणाले, 'तुला काय, एकच ओळ तर होती.' लय सुतभर हलली असती तर त्यांची तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा शेवटचा तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली असती का?

खर्जातला: तुमच्या पाकिटाचा ग्लासशी काय संबंध?

तीनताल_डोंबिवली: जो तुमच्या 'चार माणसं कशाला'चा आहे तोच.

सूरपारंबी: तबल्याशी तर थेटच आहे. १९६५ च्या सुमारास ग्लास पॅरिसमध्ये रविशंकरांचं चित्रपटसंगीत फ्रेंच वादकांसाठी लिहून काढत होता. आघात चुकतायत म्हणून तबलजी अल्लारखाँ सारखे टोकत. शेवटी त्याने लिहिलेल्या सुरांमधल्या, मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच खोडल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. मात्रांची बेरीज-वजाबाकी त्याच्या संगीतात तिथून शिरली.

खर्जातला: आलं! जगातलं सगळं आपणच शिकवलं. विमानं राहिली.

वरातीचा_नातू: आमचे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये आल्टो वाजवायचे. नाचणारे दमेपर्यंत एकच धून. बदलली तर मार खायची पाळी. त्यांना कोणी ग्लाससारखं मिनिमलिस्ट, म्हणजे थोडक्याच सुरांची आवर्तनं करणारा, म्हटलं नाही. आणि सॅक्सोफोन म्हटलं की लोकांना फक्त पावसातलं प्रेमगीत हवं असतं, त्याचा मला जास्त राग आहे. कद्री गोपालनाथांनी त्यावर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं, ते यांच्या कानी नाही.

सूरपारंबी: म्हणूनच राशरवाले ऐका. जुन्या घडणीचे, आतून ऐसपैस माउथपीस वापरतात. आवाज गोल येतो, क्लबातला खरखरीत नाही. आणि ग्लासने हीच रचना वाद्यवृंदाशिवाय, नुसत्या चौघांनी वाजवायचीही सोय ठेवलीय. तेव्हा लपायला जागा नसते.

खर्जातला: वाद्यवृंद काढूनही चालतं? मग तो आणलाच कशाला? माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

सूरपारंबी: वाद घालायचाय की ऐकायचंय?

खर्जातला: बरं बाबा, बॅरिटोनचा भाग झकास आहे. उरलेले तीन तुम्ही आपसात वाटून घ्या.

तीनताल_डोंबिवली: आणि लेहऱ्याच्या बिदागीचं काय ठरलं?