मदत हवी आहे: प्रोग्रॅमिंगच्या पिनांवर रिले ठेवू का हलवू?

मंडळी, रावेरला आमच्या केळीच्या ठिबकसाठी व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा बोर्ड घरीच जोडतोय. त्यातली कोडवर चालणारी चिप (मायक्रोकंट्रोलर) एटीमेगा३२८पी, २८ पायांची. प्रोग्रॅमरला (चिपमध्ये कोड टाकायचं यंत्र) मोसी (डेटा आत) पाय १७, मिसो (डेटा बाहेर) १८, एससीके (क्लॉक) १९ आणि रीसेट १ लागतो, हे कळेपर्यंत मी १७ आणि १९ वर रिलेचे (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) ट्रान्झिस्टर डकवून बसलो होतो! आता कोड टाकताना रिले कडकड वाजतात आणि पाच वेळांत एकदाच कोड आत जातो. काल तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडला, आप्पांच्या शिव्या खाल्ल्या.

रीसेटला १० के (किलोओहम) पुलअप, म्हणजे पाय हाय ठेवणारा रेझिस्टर, आहे. ट्रान्झिस्टरच्या बेसला मात्र २२० ओहमचेच रेझिस्टर लावलेत. त्याचाच भार पडत असेल का? ते १ के केले तर भागेल, की रिले सरळ पाय २३-२४ वर न्यावेत? ते पाय मोकळे आहेत, पण सोल्डरचे डाग उकलायचं जिवावर आलंय.