डायलिसिस सेंटर बदलावं का? (बाबांसाठी विचारतेय)

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

बाबांचं डायलिसिस जवळच्या सेंटरमध्ये चालू आहे, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहेच. शेवटच्या तासात त्यांच्या पायांत असे गोळे येतात की खुर्चीची कड घट्ट धरून बसतात. बीपी पडतं, मग पाय वर करा, थोडं सलाईन द्या. घरी आले की उरलेला दिवस झोपेत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "होतं असं, पाणी कमी प्यायला सांगा." टेक्निशियन सारखे बदलतात. त्यात बाबांना इथली भाषा जेमतेम येते. कोणी काही विचारलं की हसून मान डोलावतात, आणि तिकडे 'तक्रार नाही' अशी नोंद होते.

दुसरं सेंटर आहे, पण बरंच लांब. काय करावं?

प्रेषक: श्रीकांत

मेधा, माझे सासरेही तिथेच जातात. ते खूश आहेत. जागा स्वच्छ, नर्सेस प्रेमळ, प्रत्येक खुर्चीला टीव्ही. एखाद्याच्या अनुभवावरून लिस्टवर सेंटरला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. शिवाय आपल्या माणसाला पुन्हा तिथेच जायचंय, सुई त्यांच्या हातात आहे!

प्रेषक: चिटणीस

सेंटरचं किंवा कर्मचाऱ्यांचं नाव कृपया लिस्टवर लिहू नका. बाकी चर्चा चालू द्या.

प्रेषक: सुलभा

श्रीकांत, 'सुई त्यांच्या हातात' तुम्ही गमतीत लिहिलंत, पण याच भीतीने घरचे गप्प बसतात. मी निवृत्त होईपर्यंत डायलिसिस युनिटमध्येच नर्स होते. प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांचा वैताग यायचा, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्या पेशंटचा चार्ट आम्ही दोनदा बघायचो, हेही तितकंच खरं. टीव्ही आणि गोड बोलणं सोडून द्या, त्यावरून काही कळत नाही.

मेधा, आधी एवढंच विचार: बाबांचं पाणी तासाला किती काढतात? वजनाच्या दर किलोमागे तासाला 13 मिलिलिटरच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो, म्हणून बरेच डॉक्टर ती मर्यादा पाळतात. माणूस 60 किलोचा असेल तर तासाला साधारण 780 मिली, म्हणजे 4 तासांत 3 लिटरच्या थोडं वर. तेवढंच पाणी 3 तासांत ओढलं तर गोळे येणार, बीपी पडणार. रक्तवाहिन्यांतून पाणी जातं, पण आजूबाजूच्या पेशींच्या मधलं पाणी तितक्या वेगाने आत येत नाही. उपाय म्हणजे वेळ वाढवणं, कधीकधी आठवड्यात एक जादा डायलिसिस. पेशंटला हे आवडत नाही आणि सेंटरला पुढच्या पाळीची घाई असते, म्हणून कोणीच विषय काढत नाही.

दुसरं, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, शेवटचं कधी बदललं? भूक सुधारून अंगात मांस भरलं असेल आणि आकडा जुनाच असेल, तर ते दर वेळी नसलेलं पाणी काढतायत. उलटही होतं: माणूस खंगतो, आकडा तोच राहतो आणि पाणी अंगात साठतं. आणि नुसतं 'पाणी कमी प्या' म्हणून भागत नाही. मीठ कमी केल्याशिवाय तहान कमी होत नाही. आहारतज्ज्ञाने हे बाबांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं. दुभाष्या माग. नाही मिळाला तर एखाद्या डायलिसिसला फोनवर तू थांब.

दर महिन्याच्या रक्ततपासणीचे आकडेही माग. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर केटी बाय व्ही, म्हणजे रक्त किती साफ झालं तो आकडा, 1.2 च्या खाली नको, 1.4 च्या आसपास असलेलं बरं. पण हा आकडा उत्तम असूनही माणूस गळून गेलेला असू शकतो. युरिया किती निघाला एवढंच तो सांगतो, पाणी किती घाईने काढलं ते नाही.

श्रीकांत, सासऱ्यांना फिस्टुला (सुई टोचायला हातातली रोहिणी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात ती) आहे की अजून मानेजवळची नळी?

प्रेषक: अनंत

मी केमिकल इंजिनियर, त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडे. एका डायलिसिसला साधारण 120 लिटर पाणी रक्ताच्या पलीकडच्या बाजूने वाहतं, मध्ये फक्त पातळ पडदा. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारायला वापरतात ते क्लोरीनचं संयुग) त्यात उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाळी सुरू होण्याआधी क्लोरीन तपासतात, लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. नोंदवही दाखवा म्हणायचं. चांगली जागा असेल तर कौतुकाने दाखवतात.

प्रेषक: श्रीकांत

सुलभाताई, नळीच आहे. फिस्टुलाचं 'बघू' म्हणत राहिलंय.

प्रेषक: सुलभा

मग तुमचा प्रश्न मेधापेक्षा तातडीचा आहे. नळीतून रक्तात जंतू जाण्याचा धोका फिस्टुलापेक्षा कितीतरी जास्त. शस्त्रक्रियेनंतरही फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून 'बघू' परवडत नाही. तोवर नळी जोडताना नर्स आणि सासरे दोघांच्याही तोंडाला मास्क हवा, हातमोजे नवे हवेत आणि नळीचं तोंड घासून पुसलेलं दिसायला हवं. मशीनच्या बटणाला लावलेला हात तसाच नळीकडे आला तर तिथेच थांबवा, खुशाल. ताप किंवा थंडी वाजली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता लगेच कळवा.

प्रेषक: मेधा

हेड नर्सना भेटले. सुलभाताईंचा हिशोब कागदावर मांडून नेला होता. बाबांचा वेग 17 च्या जवळ निघाला. त्या आधी जरा आखडल्या, मग स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. आता अर्धा तास वाढवलाय आणि ड्राय वेट पुन्हा ठरवणार आहेत. बाबा अर्ध्या तासावरून माझ्यावर चिडलेत, पण परवा गोळे आले नाहीत. दुभाष्याचं मात्र अजून 'कळवतो' चाललंय. ते होत नाही तोवर लांबच्या सेंटरचा अर्ज मी भरून ठेवलाय.

श्रीकांतदादा, तुम्ही जाल तेव्हा मीही येते, दोघं असलो की बरं पडतं. आणि फिस्टुलाच्या चांगल्या सर्जनचं नाव कोणाकडे असेल तर आम्हा दोघांना थेट पाठवा, लिस्टवर नको.