एजन्सीकडून घरसफाईसाठी बाई लावतोय, सही करण्याआधी काय बघू?

गोगलगाय:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो, त्यामुळे घराची सगळी सफाई सुट्टीच्या दिवसावर येते आणि मग ती सुट्टी सुट्टी राहत नाही. ओळखीत कुणी मिळेना म्हणून शेवटी एका एजन्सीला फोन केला. फोनवरच्या बाई अगदी गोड, आमची माणसं विश्वासू, पूर्ण व्हेरिफाइड, तुम्ही बिनधास्त राहा वगैरे. मग व्हॉट्सअपवर फॉर्म आला तर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की एजन्सी फक्त ओळख करून देते, काम, चोरी, नुकसान कशाचीच जबाबदारी आमची नाही. रजिस्ट्रेशन फी परत मिळणार नाही. वर आमच्याकडून आलेल्या व्यक्तीला वर्षभरात परस्पर कामावर ठेवलंत तर दंड! मग फी नक्की कसली घेतायत? कुणी या प्रकारातून गेलंय का? आम्ही घरी नसताना काम होणार म्हणजे किल्ली द्यावी लागणार, त्याचं जास्त टेन्शन आहे.

रातराणी:
एजन्स्या दोन प्रकारच्या असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, गोंधळ तिथेच होतो. एका प्रकारात सफाईवाली एजन्सीची नोकर असते, पगार एजन्सी देते, तुम्ही फक्त बिल भरायचं, ती आली नाही तर दुसरी पाठवणं आणि फुटलं-तुटलं निस्तरणं त्यांच्या गळ्यात. दुसऱ्या प्रकारात एजन्सी फक्त गाठ घालून देते, पुढे मालक तुम्ही. तुमचा फॉर्म या दुसऱ्यातला दिसतोय. त्यात वाईट काही नाही, उलट स्वस्त पडतं, पण मग तिची रजा, पगार, काम करताना स्टुलावरून पडली तर दवाखाना, तुमच्याकडे घरकामगारांसाठी जो काही कायदा असेल तो, सगळं तुमच्या अंगावर येतं.

आता तुमच्या फॉर्मची गंमत बघा. फक्त ओळख करून देतो म्हणतायत तर कामावर तुम्हीच ठेवणार ना? मग परस्पर ठेवल्याबद्दल दंड कसला? म्हणजे जबाबदारीच्या वेळी मध्यस्थ आणि पैशाच्या वेळी मालक. हा एकच प्रश्न मेलवर विचारा, फोनवर नको. पगार कोणाच्या हातात द्यायचा आणि तिला कामावरून कमी कोण करू शकतं, याचं उत्तर आलं की मालक कोण ते आपोआप कळतं.

खडूस_काका:
व्हेरिफाइड म्हणजे काय केलंय ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी ओळखपत्राची झेरॉक्स फाईलला लावली की झालं व्हेरिफिकेशन. पोलिसांकडून तपासणी झाली असेल तर कागद दाखवा म्हणावं, त्यावर तारीख बघा, जुनापुराणा असला तर त्याला अर्थ नाही. शिवाय त्या कागदाने फक्त आजवर गुन्हा नोंदलेला नाही एवढंच समजतं, काम कसं करते ते नाही. आधीच्या दोन घरांचे नंबर घ्या आणि स्वतः फोन करा. कशी आहे हो असं विचारलंत तर सगळे चांगली आहे म्हणून मोकळे होतात. परत ठेवाल का असं विचारा, आणि समोरचा किती वेळ घेतो ते ऐका.

किल्लीचं म्हणाल तर पहिले काही आठवडे कुणीतरी घरी थांबा. आणि घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. कुलूप फोडल्याची खूण नसेल तर चोरीचा क्लेम देत नाहीत अशा बऱ्याच पॉलिस्या असतात, आपण स्वतः किल्ली दिलेली असली की विषयच संपला. दागिने, रोख कुलपात ठेवा. हे तिच्यासाठीही बरं, कारण एखादी अंगठी सोफ्यात सापडेपर्यंत संशय बिचारीवरच असतो.

पडद्यामागून:
मी अशा एका ऑफिसात काम केलंय म्हणून लिहिते. तुम्ही सगळे तुमच्या बाजूने विचारताय, एक प्रश्न तिच्या बाजूनेही विचारा. तुमच्याकडून फी घेऊन वर तिच्या पहिल्या पगारातूनही कमिशन कापतात का? बऱ्याच जणी महिन्या-दोन महिन्यांत काम सोडतात त्याचं एक कारण हे असतं, हातात काही राहतच नाही. मग तुम्ही म्हणता बाई टिकत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा २०११ चा करार आहे, क्रमांक १८९, त्यात सरळ म्हटलंय की खाजगी एजन्सीची फी घरकामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये. करार सगळ्या देशांनी मान्य केलेला नाही, तरी एजन्सीला विचारायला काय जातं. टाळाटाळ झाली तर समजून जा.

अजून एक, फ्री रिप्लेसमेंट. मुदत पैसे भरल्यापासून मोजतात की काम सुरू झाल्यापासून, आणि रिप्लेसमेंट एकदाच की कितीही वेळा, हे लिहून घ्या. ती स्वतःहून सोडून गेली तर रिप्लेसमेंट आहे, तुम्ही काढलं तर नाही, असंही कलम पाहिलंय मी.

वाटसरू:
वरचं सगळं बरोबर पण रोजची भांडणं कागदावरून होत नाहीत हो, सफाई म्हणजे काय यावरून होतात. तुमच्या डोक्यात पंखे, खिडक्यांच्या खाचा, फ्रीजच्या मागची जागा आणि तिच्या डोक्यात झाडू-फरशी-बाथरूम. खोलीप्रमाणे यादी करा, दर वेळी काय आणि महिन्यातून एकदा काय ते वेगळं लिहा. पहिल्या दिवशी सोबत फिरून दाखवा आणि एक दिवस ट्रायल घ्या, त्याचे पैसे मात्र द्या, फुकट नको.

केमिकल तुम्हीच आणून ठेवा. आमच्याकडे आलेल्या एकीने संगमरवरी ओट्यावर बाथरूमचं ॲसिड टाकलं, चकाकी गेली ती गेलीच, हात फिरवला की तेवढाच भाग खरखरीत लागतो. संगमरवराला व्हिनेगरसुद्धा चालत नाही. आणि ब्लीच आणि ॲसिड एकत्र होऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा आणि का ते तिला नीट सांगा, कारण तो वास रोज तिच्याच नाकात जाणार आहे.

गोगलगाय:
बापरे, भरपूर मिळालं, थँक्यू सगळ्यांना. रातराणीताई, तुम्ही म्हणालात तसा मेल टाकला. उत्तर आलं की दंडाचं कलम जुन्या फॉर्ममधलं आहे, काढून पाठवतो. कमिशनच्या प्रश्नावर मात्र मॅडम फोन करतील म्हणे. अजून तरी फोन नाही.

पडद्यामागून:
फोन आला तर मेलवरच सांगा म्हणा. आणि नाहीच आला तर ज्या बाई भेटायला येतील त्यांनाच विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं.