5 टक्के दिव्यांग निधीतून ग्रामपंचायतीला रॅम्प मागावा का?

प्रश्न : भावाची ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तीनचाकी सायकल वापरतो, लहानपणीच पोलिओ झाला. आमच्या ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या आहेत आणि ग्रामसभा आतल्या हॉलमध्ये भरते. 15 ऑगस्टच्या सभेला तो खिडकीखाली सायकलवर बसून होता. आत कोण काय बोलतंय ते अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. शिपाई रजिस्टर बाहेर घेऊन आला, भावाने सही केली. कागदावर तो हजर आहे. दोघे उचलून न्यायला तयार होते, पण चारचौघांत उचलून नेलेलं त्याला आवडत नाही. मलाही बघवत नाही.

त्याच सभेत दिव्यांग निधीचा विषय निघाला. गावात 14 जणांची नोंद आहे. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना सारखे पैसे, यंदा प्रत्येकी 1100 रुपये. ज्याला ऐकू कमी येतं त्यालाही तेवढेच आणि जो सहा वर्षं अंथरुणावर आहे त्यालाही तेवढेच. भावाने बाहेरून हात वर केला होता, तो आत कुणाला दिसणार?

या निधीतून रॅम्प करा असा अर्ज देणार होते. पण 14 पैकी तिघे म्हणतात, आमचे पैसे सिमेंटात घालू नका. त्यांचंही मला खोटं वाटत नाही. काय करू?

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक

ताई, अर्ज जरूर द्या, पण 5 टक्क्यांना हात लावू नका. हा निधी म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के : घरपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. वरून आलेलं अनुदान त्यात धरत नाहीत. लहान गावात वसुलीच कमी, म्हणून हा आकडा एवढासाच निघतो. सार्वजनिक सोयीवर तो खर्च करता येत नाही असं नाही. पण तुमचे ते तिघे बरोबर बोलतात. त्यांच्या तुटपुंज्या पैशांतून सरकारी इमारतीची उणीव का भरून काढायची?

रॅम्प ही इमारतीची जबाबदारी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 45 वाचा. आहेत त्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. अर्जात हे कलम लिहा आणि काम वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामांना न बांधलेल्या, निधीतून मागा. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, त्यात हे बसणार नाही. काम ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या कामांच्या नियोजनात, आलं पाहिजे. आराखड्यात नाही तर पुढे सगळे ‘बघू’ म्हणतात. मी स्वतः नोकरीत असताना असं ‘बघू’ पुष्कळांना म्हटलंय, त्याचं आज वाईट वाटतं.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

उत्तर : बचत गट सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती)

ताई, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. तिथे हा ठराव मांडा. आमच्याकडे महिला सभेत ठराव आधी झाला की मोठ्या सभेत तो विषय डावलणं जड जातं. आणि गरोदर बायका, म्हाताऱ्या सासवा, गुडघेदुखीवाल्या सगळ्यांना त्या पायऱ्या नडतात, त्यांच्याही सह्या घ्या. पुढची सभा अंगणात मांडवाखाली घ्या, असंही त्याच ठरावात लिहा. त्याला खर्च नाही.

उत्तर : चाकावरचा

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे. आमच्याकडे रॅम्प झाला, पण पायऱ्यांवर सरळ घसरगुंडीसारखा ओतलाय. चढताना खुर्ची मागे उलटते, म्हणून कुणीच वापरत नाही. आता त्यावर मोटारसायकली लावतात.

प्रमाण 1:12 लागतं. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर दारापाशी खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. हे माप अर्जातच लिहा, अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यावर सोडू नका.

भावाची ताई

सगळ्यांचे आभार. आज सकाळी आम्ही माप घेऊन आलो. टेपचं एक टोक भावाने सायकलवरून वाकून धरलं होतं. पायऱ्या 7, 7 आणि 6 इंच, एकूण 20. म्हणजे 20 फूट रॅम्प लागणार. पायरीपासून फाटकापर्यंत 14 फूटच आहेत, तेव्हा भिंतीच्या कडेने नेऊन मध्ये सपाट जागा ठेवून वळवावा लागेल. भावाने वहीवर आकृती काढली आहे. त्या तिघांनाही दाखवली. तुमच्या पैशांतून नाही म्हटल्यावर तिघांनी सह्या दिल्या. त्यातल्या एकाने अंथरुणावरच्या मुलाचं नाव काढलं : वाटप सरसकट न करता त्याला जास्त द्या, असा दुसरा अर्ज करू म्हणाला. तोही लिहायला घेतलाय.

निवृत्त ग्रामसेवक काका, अर्जदार म्हणून मी नाव घालू की भावाचं?

निवृत्त ग्रामसेवक

भावाचं.