आयकॉन 1.6 ला सुपरचार्जर बसवायचाय, परवडेल असा ब्लॉक कुठला?

ऐरोलीचा_आयकॉन:
नमस्कार मंडळी. बाबांची 2002 ची फोर्ड आयकॉन 1.6 रोकॅम आता माझ्याकडे आहे. ठाणे पासिंग, 1 लाख 62 हजार किमी. जुन्या मिनी कूपर एसचा ईटन एम45 सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) मिळालाय. बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, 5-6 पीएसआयच्या वर न्यायचा नाही, गाडी रोज चालवायची आहे. ब्लॉकसाठी (इंजिनाचा सिलिंडरवाला मुख्य सांगाडा) 20 हजार बाजूला ठेवलेत. कुर्ल्याला एक जण 1.6 चाच 'कमी चाललेला' ब्लॉक 14 हजारांना देतोय, पण कागद नाहीत. मित्र म्हणतो एस्टीमचं 1.3 टाक, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, हलका. की आहे तोच रिबोअर करू, म्हणजे सिलिंडर कापून थोडे मोठे करून घेऊ? बाबा याच गाडीतून मला शाळेत सोडायचे, तिचं वाटोळं झालेलं मला चालणार नाही.

बोअरगेज:
आहे तोच ठेव. वागळे इस्टेटला 26 वर्षं बोअरिंग मशीनवर काढली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो. तुझा ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा) आहे. जड आहे, पण बूस्ट सोसायला आणि पुन्हा बोअर करायला बीडच बरं. ब्राझीलमध्ये 2002 च्या सुमारास फोर्डने याच रोकॅम घराण्यातल्या 1.0 लिटर इंजिनावर कंपनीतूनच सुपरचार्जर दिला होता, 95 हॉर्सपॉवरचा. एस्टीमचं इंजिन चांगलंच आहे, पण तुझ्या गाडीत माउंटिंगपासून बेलहाउसिंगपर्यंत (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारं कवच) सगळं नव्याने बनवावं लागेल. 20 हजार त्यातच संपतील.

आता तपासणी. हेड (ब्लॉकवरचा भाग) काढ, पिस्टन खाली ने आणि बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) वरच्या काठाखाली नख फिरव. रिंग जिथे थांबते तिथे पायरी लागली तर झीज आहे. मग डायल बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं माप. पहिलंच ओव्हरसाइज (मूळपेक्षा मोठ्या पिस्टनचं माप) पुरत असेल तर पुढच्याला हात लावू नकोस. जेवढं बीड उरेल तेवढं तुझंच.

सिलिंडरच्या भिंतीची जाडी मात्र मोजल्याशिवाय बोअर करू नकोस. ओतकामात वाळूचा कोअर (आतली पोकळी ठेवणारा साचा) सरकतो, त्यामुळे एकाच सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते. 2011 साली असाच भंगारातून आलेला एक ब्लॉक मी गिऱ्हाइकाच्या शब्दावर 1 मिमी ओव्हरसाइज केला. टर्बो लावल्यावर तीन महिन्यांत पाण्याच्या बाजूने भिंत चिरली. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाण्यावर तेलाचा तवंग. ते काम अजून मनातून जात नाही. तुर्भे-महापेकडे टाक्यांची जाडी तपासणारे लोक आहेत, त्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक गेज असतं. ते बिडासाठी सेट करून घ्यायला सांग. स्टीलच्या सेटिंगवर आहे त्यापेक्षा जाड दाखवतं.

उरलेले पैसे क्रॅक टेस्ट, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड पाटी) लावून होनिंग (बोअर घासून नेमक्या मापाला आणणं) आणि नव्या रिंगांवर घाल. 82 मिमी बोअरला टॉप रिंगच्या दोन टोकांमधला गॅप 0.45 मिमीच्या आसपास ठेव. बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, गॅप कमी पडला तर टोकं भिडतात आणि पिस्टनची कड तुटते.

पुलीचंही बघ. तुझं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्याला साधारण 800 सीसी हवा ओढतं, एम45 स्वतःच्या एका फेऱ्याला 737 सीसी ढकलतो. म्हणजे बूस्ट ठरणार पुलीच्या मापावर. सुपरचार्जरवर मोठ्या पुलीने सुरुवात कर, म्हणजे तो हळू फिरेल आणि बूस्ट कमी राहील.

खाडीपूल:
इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो. बिनकागदाचा ब्लॉक टाकलास की आरसीशी नंबर जुळणार नाही. शिवाय सुपरचार्जर हाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बदलच. विनापरवानगी केला तर 182अ प्रमाणे प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. आधी आरटीओत लेखी विचार, विमा कंपनीलाही कळव.

ऐरोलीचा_आयकॉन:
काका, हेड काढलं. तिसऱ्या सिलिंडरला नख जरासं अडकतं, बाकी तिन्ही गुळगुळीत. कुर्ल्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं. आरटीओचा अर्ज सोमवारी देतोय. गेजवाला शनिवारी येतोय, भिंतीचे आकडे आले की इथेच टाकतो. तोवर बोअरला तेल लावून ठेवलंय.

बोअरगेज:
तेल बरोबर. वरून प्लास्टिकही बांध, पावसाळी हवेत बोअर एका रात्रीत गंजतो. आकडे टाकताना प्रत्येक सिलिंडरच्या चारही बाजू लिही, सरासरी नको.